प्रभुभोजनाला न उठणारा

धंतोलीतला हा स्कूटर-मेकॅनिक चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसतो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे उठले, की गुडघे वळवून आम्हाला वाट द्यायचा आणि एकटाच बसून राहायचा.

एकदा मी कारण विचारलं.

"मागं बसते तो माझा भाऊ. बोलत नाही आम्ही. रोज प्रार्थना करून राहिलो, पण राग जाऊनच नाही राहिला. मग भाकर कोणत्या तोंडानं घेऊ गा?"

मला तो नुसता हट्ट वाटायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

परवाच्या रविवारी तो उठला आणि मागे गेला. भावाचा हात धरून त्याला पुढे घेऊन आला. दोघांनी शेजारी-शेजारी गुडघे टेकले आणि भाकर घेतली.

बाहेर मी विचारलं, "कसं वाटलं?"

स्कूटरला किक मारत तो म्हणाला, "भूक लागली होती गा."