डाव्या हातातला बेस

"राहू द्या तिची लाइन बंदच. नेहमीसारखी. बेस माझ्या डाव्या हातात आहेच की."

हे आमचे कीबोर्डवाले दादा म्हणाले, साउंडवाल्या मामांना. मी स्टेजच्या मागे जमिनीवर बसून माझ्या बेस गिटारची बॅटरी बदलत होते. मध्ये मंडपाचं गुलाबी कापड होतं. त्याच्या खालून दोघांचे पाय दिसत होते.

"अरे पण आज तो घूंऽ घूंऽ हम नाय येत," मामा म्हणाले. "तिच्या बापानं पाणी ओतलान ना अर्थिंगच्या रॉडवर. वायच चालू करून बघू काय?"

"नको मामा. तिच्या मॉनिटरला द्या फक्त. तिला स्वतःचं ऐकू आलं की झालं."

"आणि लोकांना?"

"लोकांना ती दिसते ना! मुलगी उभी असली की स्टेज भरल्यासारखं वाटतं."

दादा हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा. मग चार पाय दोन दिशांना गेले. जुनी बॅटरी माझ्या मुठीतच राहिली होती.

मे महिना होता. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या एका गावात मंडळाची पूजा होती. मुंबईकर गावाला आलेले असतात, म्हणून आमच्यासारख्या हौशी ऑर्केस्ट्राला याच दिवसांत बोलावणी येतात. शाळेच्या पटांगणात स्टेज होतं. जेवणं आठला, म्हणून कार्यक्रम पाचलाच सुरू होणार होता.

दादा दिवसा पतसंस्थेत नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला सांभाळतात. स्टेजवर कसं वागायचं ते सगळं मला त्यांनीच शिकवलं. स्वतःची केबल आणायची, दुसऱ्याच्या केबलवर विश्वास ठेवायचा नाही. वाजवून झालं की केबल काढून ठेवायची, नाहीतर आतली बॅटरी उतरते. समुद्राच्या हवेने तारा गंजतात, म्हणून प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने एकेक तार पुसायची. पायांतली चप्पल काढायची नाही, कितीही पूजा असली तरी. आमच्याकडच्या जांभ्या दगडात उन्हाळ्यात अर्थिंग लागत नाही आणि मग तारांना हात लावला की बोटं झिणझिणतात. मी हे सगळं पाळलं. मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून शिकलेली मी, 'अर्थिंग' हा शब्दही त्यांच्याकडूनच ऐकला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. पहिल्या कार्यक्रमानंतर मी कसंबसं विचारलं होतं, "माझा आवाज बाहेर येत होता ना?" तेव्हा ते म्हणाले होते, "बेसवाल्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही, म्हणजे तो बरोबर वाजवतोय. बेस ऐकू येत नाही, जाणवतो." मला ते इतकं आवडलं होतं. लपून राहायला आवडणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? ते वाक्य मी नंतर खूप जणांना ऐकवलं. गिटारला दोन तारा कमी का, असं विचारणाऱ्या मावशीलासुद्धा.

त्या पहिल्या कार्यक्रमात माझ्या लाइनमधून हम येत होता, हे मला आठवत होतं. मोठ्या भुंग्यासारखा. मामांनी काहीतरी केलं आणि तो थांबला. त्यांनी काय केलं, ते आज गुलाबी कापडाच्या मागे बसून कळलं. लाइनच बंद केली होती. माझ्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरला, मॉनिटरला, माझा आवाज वेगळा सोडला होता, म्हणून मी समजत होते की मी सगळ्यांना ऐकू जाते आहे.

दादांच्या डाव्या हाताकडे मी कितीदा बघितलं असेल. कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर तो हात माझ्याच सुरांवर फिरायचा. मला वाटायचं, ते माझ्या मागून येतात. आमचं किती जुळतं, असं मनात म्हणून मी आत कुठेतरी खूश व्हायचे.

हे मी गिळलं असतं. मी बऱ्याच गोष्टी गिळते. इंग्रजी शाळेत शिकले, तिथे वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. घरी मराठी, तर इथले लोक माझ्या मराठीला हसतात. ऑक्टोपॅडवाला मला मॅडम म्हणतो. "मॅडम इंग्रजीत वाजवतात, म्हणून आपल्याला कळत नाही." सगळे हसतात, मीही हसते. पण त्या दिवशी बाबा आले होते.

बाबांची हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये गेली. कान तिथेच गेले. कुकरची शिटी त्यांना ऐकू येत नाही, आईची हाक येत नाही, आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गाणारीचा आवाज तर नाहीच नाही. पण मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे मासेमारीचा ट्रॉलर सुरू झाला की आमच्या घरात सगळ्यांत आधी त्यांना कळतं. खालचे, जाड आवाज तेवढे उरलेत. मी बेस शिकायला लागले तेव्हा एकदा ते खोलीत आले, माझ्या छोट्या अँप्लिफायरवर तळहात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, हे येतंय. हे मला ऐकू येतंय." मी बेस सोडला नाही, त्याचं कारण एवढंच आहे. दुसरं कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून ते प्रत्येक कार्यक्रमाला येतात. मोठ्या स्पीकरच्या खोक्याला लागून खुर्ची टाकतात आणि खोक्यावर हात ठेवतात. लोकांना वाटतं, म्हातारा खोका पडू नये म्हणून धरून बसलाय.

त्या दिवशी दुपारी त्यांनी साउंडवाल्यांचा अर्थिंगचा रॉड बघितला. जांभ्यात वीतभरच गेलेला. त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरातून मूठभर मीठ मागून आणलं, बादलीत कालवलं आणि ते पाणी सावकाश रॉडच्या मुळाशी ओतलं. "आता बघा," मामांना म्हणाले. "आता तिची लाइन कशी साफ येते ती बघा." मामांनी मान हलवली होती आणि दुसरीकडे बघितलं होतं. आता मला कळलं, का.

कार्यक्रम सुरू झाला. मी माझ्या जागी उभी राहिले, मागच्या बॅनरवर माझाच फोटो, हातात हीच गिटार. दुसऱ्या गाण्यात एक जागा येते, तिथे कीबोर्ड थांबतो आणि काही क्षण फक्त खंजिरी आणि बेस असतो. मी सगळ्यांत जाड तार जोरात छेडली आणि बाबांकडे बघितलं. पायाशी मॉनिटर घुमला. बाबांचा हात खोक्यावर होता. चेहऱ्यावर काही नाही. ते वाट बघत असल्यासारखे बसले होते. मग दादांचा डावा हात खाली आला आणि बाबांची मान डोलायला लागली.

त्यानंतरची गाणी मी नीट वाजवली. एकही चूक केली नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

मध्यंतर झालं. दादांनी माइकवर सांगितलं, कोकम सरबत आहे, सगळ्यांनी घ्या, मामांनी सगळा आवाज खाली केला आणि पटांगण एकदम शांत झालं. बाबा दोन ग्लास घेऊन स्टेजपाशी आले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"बाय, आज तर काय! गाणं नाय कळत मला, पण तुझं धुम धुम सगळं कळतंय. छातीत वाजतंय इथं."

पुढच्या रांगेतल्या बायका कौतुकाने हसल्या. दादा कीबोर्डवरून वाकून म्हणाले, "काका, तुम्ही मिठाचं पाणी ओतलंत ना, त्याचाच परिणाम!"

बाबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी विचारणाऱ्या नजरेने माझ्याकडे बघितलं, कारण दादांचं बोलणं त्यांना नेहमी मीच सांगते. मामा मिक्सरपाशी बसून ग्लासात बघत होते.

मी म्हणाले, "ते मी नव्हते, बाबा."

"ऑं?" त्यांनी कानाला हात लावला.

आमच्या घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. एकदा आपल्या आवाजात, आणि मग बाबांच्या. मधल्या वेळात 'काही नाही' म्हणून सोडून देता येतं. मी कितीतरी वेळा सोडून देते. आताही तशी सोय होती. बाबा सरबताचा ग्लास माझ्यापुढे धरून हसत उभे होते, आणि ते हसू मला तसंच राहू द्यायचं होतं. पण मग पुढच्या पूजेलाही ते खोक्याला हात लावून बसले असते आणि दादांच्या डाव्या हाताला मान डोलावत राहिले असते. ते मला सहन होईना.

मी स्टेजच्या कडेला आले, वाकले, आणि ट्रॉलरवरच्या माणसाला धक्क्यावरून हाक मारतात तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, ते मी वाजवत नव्हते! माझी लाइन बंद आहे. पहिल्या दिवसापासून बंद आहे."