भिंतीपासून गटारापर्यंत

दौंडच्या रेल्वे कॉलनीत सोजराबाईनं बावीस वर्षं संसार केला, पण मोरी तुंबली म्हणून तिला कधी घोर लागला नाही. तिथली रीतच तशी होती. ऑफिसातल्या वहीत क्वार्टरचा नंबर लिहायचा, दोन-चार दिवसांत माणसं यायची आणि काय करायचं ते करून जायची. नवरा कोंडिबा लोको शेडमध्ये फिटर. क्वार्टर रेल्वेचं, म्हणून भिंतीत खिळा ठोकायचा तरी तो चारदा विचार करी. सोजराबाईला त्याचाच राग येई.

"एक तरी भिंत आपली पायजे बघा," ती म्हणायची. "मनाला येईल तिथं खिळा मारीन."

चौऱ्याहत्तर साली कोंडिबा निवृत्त झाला आणि दोघांनी शिरूरला तीन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. दोघं मूळची मांडवगण फराट्याच्या बौद्धवस्तीतली. पण थोरली लेक शिरूरला दिलेली, म्हणून मुक्काम शिरूरला पडला. कोंडिबानं घर बायकोच्या नावावर केलं. पहिल्याच दिवशी तिनं सात खिळे ठोकले. त्यातल्या तीन खिळ्यांवर टांगायला घरात काहीच नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मोरी तुंबली. भांड्यांचं पाणी आत जायचं सोडून उंबऱ्याकडं यायला लागलं. कोंडिबाचे गुडघे धरलेले, तेव्हा सोजराबाईच नगरपालिकेत गेली आणि सवयीनं म्हणाली, "वही कुठं हाय? नंबर लिवायचाय."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "कसली वही, बाई? रस्त्यातलं गटार आमचं. तुमच्या भिंतीपासून गटारापर्यंतचा सांडपाण्याचा नळ घरमालकाचा. तो घरमालकानंच साफ ठेवायचा. मालक कोण आहे?"

सोजराबाईनं पदर सारखा केला. "मी," ती म्हणाली.

"मग तुम्हीच बघा, मालकीणबाई."

ती हसतच घरी आली. कोंडिबाला वाटलं, काम झालं.

"काम कुठलं व्हतंय!" ती म्हणाली. "पर मला मालकीण म्हणाला तो. साऱ्या हापिसाम्होरं."

"मोरी?"

"मोरी बी माझीच हाय म्हणाला."

मग कोंडिबा अंगणात स्टूल टाकून बसला आणि फिटरचं डोकं चालवायला लागला. बांबूच्या लांब कामट्या तारेनं एकीला एक बांधायच्या, टोकाला गोणपाटाचा बोळा आवळायचा. घराच्या कोपऱ्यावर फरशीखाली चेंबर असणार, तिथून कामटी मोरीकडं ढकलायची. जोर लावायचा नाही, फिरवत न्यायची. सोजराबाईनं कासोटा मारला, पहारीनं फरशी उचलली आणि कामाला लागली. तासाभरात काथ्याचा आणि राखेचा एवढा मोठा गोळा बाहेर आला आणि पाणी खळाळत गटाराला लागलं. कोंडिबा बसल्या जागी टाळ्या वाजवायला लागला. दुसऱ्या दिवशी तिनं मोरीच्या तोंडाला जाळी बसवली आणि भांड्यांची राख वेगळ्या डब्यात टाकायचा नियम केला.

हे सगळं शेजारचे जयसिंगआप्पा भिंतीवरून बघत होते. आप्पांची जमीन मांडवगणाला, सोसायटीत वजन, आणि घरात शेजाऱ्यांपेक्षा एक मोरी जास्त. त्यांची बायको पार्वतीबाई स्वभावानं गोड. भिंतीशी उभी राहून तासन्‌तास बोले, पण सोजराबाईनं चहा विचारला की "आत्ताच झाला बाई" म्हणे. तीन महिन्यांत तिचा चहा कधी 'व्हायचा' राहिला नव्हता. सोजराबाईला कारण ठाऊक होतं. ती पुढच्या वेळी पुन्हा विचारी.

महिनाभरानं आप्पांचा नळ तुंबला. नेमकं त्या रविवारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. आप्पा सोजराबाईच्या दारात आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले.

"सोजराबाई, तेवढं आमचंबी उरकून टाका. तुम्हाला हाताखालचं काम हाय."

कोंडिबा काही बोलणार, तोच सोजराबाई दारात आली. आवाज चढवला नाही तिनं.

"आप्पा, माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला, तवाच गावकीची कामं टाकली. त्याला आता अठरा वर्सं झाली."

"आवं, पर परवा तुम्हीच तर केलं की!"

"माझ्या घराचं केलं. मालकीण हाय मी त्याची. तुमच्या नळाचं मालक तुम्ही. कामट्या देते, रीत दावते, वाटलं तर पाणी तापवून देते. हात तेवढं तुमचं लागत्याल."

आप्पा लाल झाले आणि आल्या पावली परत गेले. सोजराबाई आत आली. "जास्त बोलले का मी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मोजून मापून बोललीस," कोंडिबा म्हणाला. "चहा टाक."

आप्पांनी आणखी दोन-तीन ठिकाणी माणूस शोधला. कुणी आलं नाही. शनिवारपर्यंत त्यांच्या अंगणात घोटाभर पाणी साचलं आणि वास आख्ख्या आळीत पसरला. दुपारी आप्पा सोसायटीत गेलेले बघून पार्वतीबाई भिंतीशी आली. लुगडं आधीच वर खोचलेलं होतं.

"सोजराबाई, कामट्या द्या. मी करते. उद्या पोरीला बघाय येणार, आन् दारात हे!"

सोजराबाई कामट्या घेऊन तिच्या अंगणात गेली, चेंबरपाशी उभी राहून सांगू लागली. "दाबू नका. फिरवा. आता जरा मागं घ्या. व्हय, तसंच." पहिल्यांदा पार्वतीबाईनं नाकाला पदर लावला होता. मग दोन्ही हात लागायला लागले तशी पदराची आठवण गेली. मध्येच कामटी कशाला तरी अडली. सोजराबाईनं टोकाला तारेचा आकडा करून दिला. पार्वतीबाईनं आकडा घातला, ओढला, आणि काथ्याच्या जटेसकट काहीतरी ठणकन फरशीवर पडलं.

अडकित्ता! पितळी, मोराच्या मुठीचा.

पार्वतीबाई बघतच राहिली. मग ती जी हसायला लागली, ती थांबेचना. हा अडकित्ता वर्षापूर्वी हरवला होता. पार्वतीबाईचा भाऊ साहेबराव त्या वेळी राहून गेला होता, म्हणून आप्पांनी आळ त्याच्यावर घेतला. तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांत बोलणं नव्हतं. आणि बापडा अडकित्ता नळात आडवा होऊन येईल तो काथ्या धरून बसला होता.

"माझा भाऊ चोर व्हय?" पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाली. "येऊ द्या घरी. येऊ द्या आज!"

तोवर पाणी धो-धो वाहून गेलं होतं. दोघींचे हात कोपरापर्यंत माखलेले. पार्वतीबाईच्या मोरीतली घाण अजून निघायची होती, तेव्हा सोजराबाई म्हणाली, "माझ्याकडं धुवा हात." पार्वतीबाई तिच्या मोरीवर बसली, साबण लावून हात धुतले आणि तिथल्याच पाटावर टेकली. सोजराबाईनं नेहमीप्रमाणं विचारलं, "चहा?"

पार्वतीबाईनं पदराला हात पुसले. "टाका. आन् गोड करा जरा."

दोन कप प्याली ती. दुसरा तिनं स्वतः मागून घेतला.

संध्याकाळी आप्पा आले तेव्हा अडकित्ता घासूनपुसून त्यांच्या ताटाशेजारी मांडलेला होता. पार्वतीबाई काय काय बोलली ते भिंतीपलीकडं ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी आप्पांनी एसटी स्टँडवर जाऊन साहेबरावाला निरोप धाडला. मुलगी पसंत पडली. लग्नात मामा म्हणून साहेबरावच अंतरपाटाशी उभा राहिला, आणि सोजराबाई-कोंडिबा पहिल्या पंगतीला जेवले.

आप्पांना मात्र सोजराबाईशी बोलायला आणखी दोन महिने लागले. एका सकाळी ते भिंतीशी आले आणि दुसरीकडंच बघत म्हणाले, "कामट्या मोकळ्या हायत का? मोरीचं पाणी जरा दमानं जातंय." सोजराबाईनं कामट्या दिल्या. धोतर वर खोचून आप्पा स्वतः चेंबरपाशी उकिडवे बसले, तेव्हा आळीतल्या दोन-चार बायका मुद्दाम पाण्याच्या खेपा वाढवून बघून गेल्या.

सोजराबाई स्टुलावर बसून त्यांना सांगत होती, "आप्पा, दाबू नका. फिरवा."