फळीवर पडलेले खजूर

मसूरडाळ अर्धी निवडून झाली होती, तेवढ्यात हे निघाले, म्हणून सूप तसंच ठेवून मी घाटावर गेले. चाळीस वर्षं हे शिडाच्या होडीतून पाहुण्यांना अस्वानहून एडफूच्या पुरातन देवळापर्यंत नेतात. चार दिवस, संथ. "घाई असेल त्यानं रेल्वेनं जावं," असं तोंडावर सुनावतात.

निघताना नीलमाईला, म्हणजे आमच्या नाईल नदीला, मूठभर खजूर द्यायचे, ही आमची रीत. आज यांनी बिस्मिल्ला म्हणून खजूर टाकले, ते पाण्यात न पडता होडीच्या फळीवर पडले. यांना कळलंच नाही. पुढे नदीत वाळूचे उंचवटे, मोठाली जहाजं, आणि होडीत दोन म्हातारे पाहुणे.

लेकीच्या नावानं हाक मारून मी म्हणाले, "तहानीचे बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"तुझी बडबड ऐकू येते, तेवढं पुरे. नदी मला पाठ आहे."

"आणि जहाजं? तीही पाठ आहेत?"

यांनी सुकाणूवरचा हात काढून घेतला. म्हणाले, "पाहुण्यांना सांग, वारा पडलाय. उद्या निघू. सुकाणू सिद्दीक धरेल."

अल्ला, सकाळपर्यंत यांचं मन फिरू देऊ नकोस. उद्या सुकाणू धरायला या, असं सिद्दीक भावजींना सांगायला मी आता जाते.