कडूबाईंच्या आहेराची वही

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या कडूबाईंना आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे कुणाचं घेतलेलं परत करायचं राहून जाईल. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत करताना वाटी शिगोशीग भरणार, आणि शेजारीण राहू द्या म्हणाली तर तिच्या उंबऱ्यावर वाटी ठेवून पळून येणार. बासष्टाव्या वर्षी पळणं शोभतं का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईबापांनी हिला दृष्ट लागू नये यासाठी कडू हे नाव ठेवलं होतं. बाकी बाईंच्या हातचा डिंकाचा लाडू खाल्लेला माणूस ते नाव उच्चारताना जरा ओशाळतोच.

हे लाडू विकायचे नव्हते. गावातल्या सात-आठ बाया जमवून कडूबाई गेली बारा वर्षं तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाळंतिणींना डबा पोचवत होत्या. जिचं माहेर लांब आहे, किंवा माहेर उरलंच नाही, अशीला पाच दिवस बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि एक लाडू. मंडळाची नोंदणी होती, पावतीपुस्तक होतं, नव्हती फक्त गाडी. डबे नेणाऱ्या बजरंगच्या टमटमनं आषाढात भर रस्त्यात मान टाकली. मग डबे एसटीनं धाडून पाहिले, पण ते पोचायला दुपारचे दोन वाजायचे, आणि ओली बाळंतीण दोन वाजेपर्यंत उपाशी कशी राहणार? मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याची वापरलेली टमटम एक लाख साठ हजारांत मिळत होती. तो महिनाभर थांबायला तयार होता. महिन्यात पैसे जमले नाहीत तर डबा बंद करावा लागणार, हे सगळ्या बायांना कळून चुकलं होतं.

धाकटी सून राजनंदिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, आत्याबाई, आता पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचे दिवस गेले, मोबाइलवर मागू. लोकांच्या मदतीचे पैसे गोळा करून देणाऱ्या एका साइटवर तिनं मंडळाचं पान काढलं आणि एक रील करायला घेतली. रीलमध्ये चेहरा दुःखी पाहिजे, असं तिचं म्हणणं. कडूबाईंनी दुःखी चेहरा करून पाहिला, तर दात दुखत असल्यासारखा दिसला. शेवटी राजनंदिनीनं लाडू वळतानाचं चित्रीकरण केलं आणि खाली रडक्या बासरीचं संगीत जोडलं. ते ऐकून कडूबाईंनी घाबरून विचारलं, "कोन गेलं गं?"

तरी रील चालली. पहिल्याच दिवशी चौतीस लोकांनी पैसे धाडले. कडूबाईंनी सगळी नावं वाचून दाखवायला लावली आणि कपाटातून राजनंदिनीच्याच लग्नातली आहेराची वही काढली. तिची मागची पानं कोरी होती. आता आहेराची वही कशाला असते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आपल्या घरी ज्यानं जेवढं दिलं, त्याच्या घरच्या कार्यात त्याहून दहा-वीस जास्त द्यायचे. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी न्यायचे, कारण ते छापणाऱ्यालाही तसं म्हणायचं नसतं. कडूबाईंनी चौतीस नावं उतरवली आणि विचारलं, ह्यांच्या घरी कार्य कधी आहे?

राजनंदिनीनं समजावलं की ही देणगी आहे, आहेर नव्हे. पैसे आले की साइट आपोआप आभाराचा मेसेज धाडते.

"आभार मानलेस ते ठीक हाय," कडूबाई म्हणाल्या. "फेडायचं कुनी?"

पैसे देताना लोक नावाबरोबर नंबरही भरत होते. सून शाळेत गेली की कडूबाई तिच्या छापील यादीतले नंबर लावू लागल्या. मी कडूबाई बोलते, तुमचे पाचशे एक पोचले, घरी कोण कोण असतं, लग्नाचं कुणी आहे का, पत्ता सांगा. बाईंच्या दृष्टीनं यात वावगं काहीच नव्हतं. पण आजकाल अनोळखी माणसानं फोन करून पैशांचं नाव काढलं आणि पत्ता विचारला की लोकांना फसवणुकीचा वास येतो. कुणी फोन कापला, कुणी पोलिसांचं नाव घेतलं. पुण्याच्या एका माधवीताईंनी तर मुलाचं लग्न झालेलं असून तो परदेशात आहे आणि घरात दोन कुत्रे आहेत, असं एका दमात सांगितलं. कडूबाईंनी वहीत लिहून घेतलं: कुत्रे दोन.

आठव्या दिवशी साइटनं पान बंद केलं. सात जणांनी फसवणुकीची तक्रार केली होती. एक लाख सतरा हजार जमले होते, तेही अडकले. राजनंदिनी घरी आली, तिनं यादी पाहिली, सासूच्या फोनवरचे कॉल पाहिले आणि खुर्चीत बसली. भांडण्याऐवजी तिनं यादीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली, आणि तेच कडूबाईंना फार लागलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी सुनेपुढे वही उघडली. त्या कोऱ्या पानांवर सगळ्यांत वरची एक ओळ त्यांनी मोकळी सोडली होती. थोरल्या मुलाच्या बाळंतपणाला त्या दवाखान्यात एकट्याच होत्या. आई गेलेली, सासरची माणसं शेतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पाच दिवस आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांना दिली आणि सहाव्या दिवशी ती निघून गेली. नाव विचारायचं राहिलं, गावही.

"तिचं न्हाई फिटलं," कडूबाई म्हणाल्या. "म्हनून दुसऱ्या कुनाचं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, असं म्हनायची मी. त्यापायी बाळंतिनींचा डबा घालवून बसले."

राजनंदिनीचे डोळे भरून आले. सासूला रागवायचं ठरवून बसलेल्या सुनेची यापेक्षा मोठी पंचाईत नाही.

इकडे पुण्यात आदिनाथ नावाच्या इंजिनिअरनं एक उपद्व्याप केला होता. तक्रार करणाऱ्यांपैकी हा एक. त्याच्या मोबाइलवर कॉल रेकॉर्ड व्हायचे. लोकांनी सावध व्हावं म्हणून त्यानं कडूबाईंचा कॉल सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, फसवणुकीचा नवा प्रकार. रेकॉर्डिंग असं होतं:

"माझा पत्ता कशाला हवाय तुम्हाला?"

"आहेर फेडायला. तुमी पाचशे एक दिलेत, आमी पाचशे अकरा करू. लगीन झालं का तुमचं?"

"नाही."

"कामून?"

मराठवाड्यातल्या या 'का?'नंतर अकरा सेकंद शांतता होती, आणि मग आदिनाथनं फोन ठेवला होता.

फसवणुकीच्या इशाऱ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. सोसायटीतल्या बायकांनी ते अकरा सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. ज्यांच्या घरात बिनलग्नाचा मुलगा होता त्यांनी ते मुलाला धाडलं, त्या मुलांनी चिडून मित्रांना धाडलं, आणि दोन दिवसांत रेकॉर्डिंग नाशिक-नागपूर करून परभणीला परत आलं. एसटी स्टँडवर लोक एकमेकांना काहीही कारण नसताना "कामून?" विचारू लागले. ही बाई खरी आहे का, असेल तर डबा कुठं पोचवते, अशी चौकशी सुरू झाली. तेव्हा राजनंदिनीनं मंडळाच्या नोंदणीचे कागद साइटकडे धाडले. साइटच्या एका मुलीनं व्हिडिओ कॉल करून स्वयंपाकघर पाहिलं, डबे पाहिले आणि पान पुन्हा उघडलं. त्या कॉलमध्ये कडूबाईंनी तिच्याही लग्नाची चौकशी केली, ते वेगळं सांगायला नको.

उरलेले पैसे दीड दिवसात आले. अनेकांनी पैशांबरोबर लिहिलं होतं, आजींनी आम्हाला फोन करावा. मानवतहून टमटम आली. बजरंगनं तिला हार घातला आणि मागच्या फळीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत 'कामून?' लिहून घेतलं. सकाळी साडेनऊला डबे पोचू लागले.

आदिनाथनं माफी मागायला फोन केला. कडूबाईंना माफीत रस नव्हता. तुमचं नाव वहीत अडकून बसलंय, तेवढं कार्याचं बघा, म्हणाल्या. नऊ महिन्यांनी त्याची पत्रिका आली. रेकॉर्डिंग ऐकून हसायला म्हणून जिनं त्याला पहिला मेसेज केला होता, तीच मुलगी नवरी होती. पत्रिकेच्या खाली आहेर आणू नये, असं छापलेलं होतं. कडूबाईंनी पाकिटात पाचशे अकरा घातले, लाडवांचा डबा घेतला आणि सुनेबरोबर पुणे गाठलं.

स्टेजवर त्यांनी पाकीट आदिनाथच्या हातात ठेवलं, पिशवीतून वही काढली आणि तिथंच त्याचं नाव खोडलं. त्या वेळी बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते नवरदेवाच्याही चेहऱ्यावर नव्हतं. आदिनाथला राहवलं नाही. त्यानं माइक घेतला आणि या कोण आहेत ते सगळ्या हॉलला सांगितलं.

पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. पाहुणे उठले, कडूबाईंभोवती गर्दी झाली. राजनंदिनीच्या पर्समध्ये क्यूआर कोडचं कार्ड होतं, ते हातोहात फिरलं. फोन टुणटुण वाजायला लागला तो थांबेना. नवरीची आजी आली, दोन्हीकडचे मामा आले, मांडववाला आला, आचारीही हात पुसत आला. राजनंदिनी आनंदानं आकडे सांगत होती, आणि कडूबाई डोक्याला हात लावून खुर्चीत बसल्या होत्या. एक नाव खोडायला आल्या होत्या, आणि आता एकशे सदतीस नावं नवीन झाली.

"लय झाले गं," त्या सुनेला म्हणाल्या. "ह्या जन्मात न्हाई फिटायचं."

मग त्यांनी चष्मा पुसला, वहीचं नवं पान काढलं, सगळ्यांत वरची ओळ सोडून दिली आणि नवरीच्या आजीला जवळ बोलावून तिच्या घरी पुढचं कार्य कधी आहे ते विचारलं.