गळक्या नळावरनं डावीकडं

शिवाजी पेठेत घराचा नंबर विचारत फिरणारा माणूस दिवस मावळेपर्यंत फिरतच राहतो. इथं पत्ता तालमीवरून सांगतात, नळावरून सांगतात, नाहीतर कुणाच्या तरी भांडखोर सासूवरून. निशिगंधा ह्याच पेठेत वाढली. तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी शिवते आणि कुणाचं ऐकून घेत नाही.

रविवारी दुपारी मात्र तिच्या कापायच्या टेबलावर गोष्टीच्या खेळाचे फासे पडतात. कुरुंदवाडचा प्रभुलिंग मनानं भुयार रचतो आणि बोलून दाखवतो. निशिगंधा आणि तिची मैत्रीण वल्लरी आपापलं पात्र घेऊन त्यात उतरतात. वल्लरीचा हलक्या पायांचा चोर. निशिगंधाची धोंडुबाई, लोखंडी चिलखतातली बुटकी लढाऊ बाई, वर्षभर जपलेली. पात्र मेलं की ते लिहिलेला कागद फाडायचा, हा टेबलाचा कायदा.

दुसरा कायदा चालीचा. नकाशा काढत जायचं तर हळू जायचं. पळायचं तर पेन्सिल खाली, नकाशा पालथा. आणि सगळ्यांची चाल सगळ्यात मंद गड्याची, म्हणजे धोंडुबाईची.

वल्लरी चौकटीच्या कागदावर देखणा नकाशा काढायची. निशिगंधाला चौकटींचा कंटाळा. ती शेजारी बसून वळणांना नावं द्यायची. पाणी ठिबकतं तो गळका नळ, दगडी मुखवटा तो गल्लीतल्या तानाबाईचं नाक.

“ह्यो नकाशा हाय का पावण्याला सांगितलेला पत्ता?” प्रभुलिंगनं टोमणा मारला. तिनं लगेच पुढच्या वळणालाही नाव दिलं, तुटकी पायरी.

त्या रविवारी भुयाराच्या तळाशी हाडांचे सापळे उठले; आता पळणं आलं. प्रभुलिंगनं हसत हसत वल्लरीचा नकाशा पालथा घातला. वल्लरीनं पेन्सिल खाली ठेवली. चौकटी काढल्या होत्या, पाठ कुणी केल्या होत्या? चोर एकटा पळाला असता, पण कुठं? आणि धोंडुबाईला टाकून जाणाऱ्यातली ती नव्हतीच.

“चिलखत काढ की,” वल्लरी म्हणाली.

निशिगंधानं जिवावर येऊन काढलं. चाल वाढली, पण आता एक घाव बसला की धोंडुबाई संपली.

“तानाबाईच्या नाकासमोरनं सरळ,” निशिगंधा म्हणाली. “तुटकी पायरी आली की उजवीकडं. गळक्या नळावरनं डावीकडं, की दार.”

प्रभुलिंगनं आपल्या लपवलेल्या नकाशात पाहिलं, परत पाहिलं. वाट बरोबर होती. मागनं एका सापळ्यानं तलवार घातली; फासा पडला, वार हुकला. धोंडुबाई साध्या लुगड्यावर उजेडात आली.

चहा आला. प्रभुलिंगनं पेन्सिल उचलली आणि मुकाट्यानं आपल्या नकाशावर लिहिलं, गळका नळ.

“चिलखत खालीच ऱ्हायलं,” तो म्हणाला. “परत जायला लागतंय.”

“जाऊ की,” निशिगंधा म्हणाली. “वाट ठावी हाय.”