मोठ्या दिरांची जुनी गाडी

वाघोलीच्या लग्नातून परतताना मोठ्या दिरांनी माझ्या आईला गाडीत घेतलं नाही. मागची सीट रिकामी होती. पण मांडवाबाहेर चिखल होता आणि आईच्या चपला बरबटल्या होत्या.

"सीट खराब होते हो," ते मला म्हणाले. "त्यांना रिक्षा बघून द्या."

"अनवाणी बसते की मी," आई चपला हातात घेऊन म्हणाली. त्यांनी काच वर केली.

मी आईला रिक्षात बसवून दिलं. हे विसरायचं नाही, एवढं मात्र ठरवलं.

पुढे त्यांनी मोठी नवी गाडी घेतली. माझ्या नवऱ्यानं जुनी मागितली, तर म्हणाले, "तुम्हाला झेपायची नाही," आणि मार्केट यार्डाजवळच्या एका एजंटाला विकून टाकली. मी त्या एजंटाकडे गेले. क्लच जड झाला होता, दाराखाली गंज होता. एजंटानं त्याहून बरी गाडी दाखवली.

"मला हीच हवी," मी म्हणाले. नवऱ्यानं कपाळावर हात मारला.

चालवायला शिकले आणि आधी माहेरी, मांजरी गावाला गेले. आई उसाला पाणी देत होती. तिला पायसुद्धा धुऊ दिले नाहीत, तशीच पुढे बसवली आणि गाडी थेट दिरांच्या सोसायटीत, त्यांच्या नव्या गाडीला खेटून लावली.

भाऊजी खाली आले. "ही आमची गाडी ना?"

"होती."

त्यांनी आत वाकून आईच्या पायांकडे पाहिलं. आई अवघडली. "चल गं, झालं आता," म्हणाली. माझं झालं नव्हतं.

जाऊबाई गॅलरीतून बघत होत्या. इतक्या वर्षांत भाऊजींनी त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "मला शिकवशील?"

त्यांची कणव आली असं म्हटलं तर खोटं ठरेल. मला उकळ्या फुटल्या. रोज दुपारी त्यांच्याच फाटकासमोर शिकवायची, मुद्दाम. भाऊजींनी माझ्या नवऱ्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, "गाडी तिची आहे. तिलाच विचारा."

लायसन्स हातात पडल्यावर जाऊबाईंनी नव्या गाडीची किल्ली मागितली. भाऊजी नाही म्हणाले. तेव्हा खुंटीवरच्या त्यांच्या पँटच्या खिशातून ती काढून घेऊन त्या भाजी आणायला निघून गेल्या. मी तिथेच बसले होते.

"काय काय शिकवलंत तिला?" भाऊजींनी खिडकीतून खाली बघत विचारलं.

मी सावकाश चहा पीत राहिले. फार दिवसांनी इतका गोड लागला.