ओट्यावरून बत्तीस इंच

मध्यंतरी एकदा मला रात्रभर झोप नाही. कारण काय, तर इंच! टीव्ही बत्तीस घ्यावा की त्रेचाळीस? बत्तीस घेतला आणि आरूला लहान वाटला तर? लहान वाटला म्हणून ती पुन्हा वरच्या मजल्यावर गेली तर? आणि गेली ती तिथंच रमली तर? उजाडेपर्यंत माझ्या पाच वर्षांच्या पोरीला मी मनातल्या मनात दुसऱ्याच्या घरी वाढवून तिचं लग्नसुद्धा लावून दिलं होतं. अक्षता टाकायला मी मागच्या रांगेत.

वाटूर फाट्यावर आमची बिल्डिंग आहे. बिल्डिंग म्हणायचं आपलं. खाली भाभींचं पंखे-मिक्सर-टीव्हीचं दुकान, दुकानामागं त्यांचं घर. आमचे घरमालकही तेच. मधे मी, संदीप आणि आरू. वर गायकवाड मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मुलगा लातूरला शिकायला, साहेब बदलीच्या गावी. तिन्ही घरांना मिळून एकच जिना. लाईट गेली की भाभी आणि मॅडम पायऱ्यांवर येऊन बसतात, मी कठड्याला टेकून उभी असते. गॅसवर काहीतरी असतंच माझं.

या जिन्याखाली चपला साठतात तसे आमच्याकडं किस्से साठतात. एक शोधायला जावं तर चार हाताला लागतात. त्यातले टीव्हीचे तेवढे वेगळे काढलेत. आणि आधीच सांगते, मला कुणी जळकी म्हणलं तर मी भांडणार नाही.

*

मॅडमचा टीव्ही आला तो दिवस. त्रेचाळीस इंची खोकं, धरायला दोन माणसं, आणि आमचा जिना म्हणजे एक बाई साडी सावरत चढली तरी भिंतीला घासणारा. खोकं नेमकं आमच्या दारापाशी वळणावर अडकलं. पुढं जाईना, मागं येईना.

"ताई, दार उघडा जरा. एक टोक आत घेऊ, मंग वळंल," खालचा माणूस म्हणाला.

मी दार उघडलं. खोकं अर्धंअधिक माझ्या घरात आलं. आरूनं टाळ्याच पिटल्या.

"आई! आपल्याकडं आला!"

पुरतं एक मिनिट तो त्रेचाळीस इंची टीव्ही आमचा होता. मंग माणसांनी तो वळवला आणि वर नेला.

*

वर बसवून झाल्यावर मॅडम चांगुलपणानं म्हणाल्या, "आरू, येत जा गं बघायला."

असं आपण सगळेच म्हणतो. 'या जेवायला' म्हणतो, म्हणून कुणी लगेच ताट घेऊन येतं का?

आरू गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर साडेपाचला स्वतःची चटई काखेत, पाण्याची बाटली गळ्यात, हातात शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा. दार वाजवून म्हणाली, "मी बघायला आले. किती वाजेपर्यंत बघू देता?"

मॅडम नंतर मला म्हणाल्या, "ज्योती, माझ्या वर्गातली पोरं इतक्या वेळेवर आली असती ना, तर मला आदर्श शिक्षिका पुरस्कार मिळाला असता!"

मी हसले. घरी येऊन डब्यात लाडू मोजले. एक मॅडमनी खाल्ला होता, दोन आरूनं. माझ्या हातचे लाडू आरू घरी खात नाही.

*

रोज सातला मी तिला आणायला जायची. दारातच उभी राहायची.

"ये ना आत. बस पाच मिनिटं."

"नाही मॅडम, कुकर लावलाय."

कुकर लावलेला नसायचा. पण समोर मॅडमच्या मांडीवर माझी पोरगी, पुढं भिंतभर टीव्ही, भिंतीवर त्याच्या वर बुद्धाचा शांत फोटो. त्या सगळ्यात मी कुठं बसणार होते?

एक दिवस बघते तर आरूच्या दोन घट्ट वेण्या, तेल लावून, वर रिबीन. माझ्यासमोर ही पोरगी दोन मिनिटं बसत नाही. मी कंगवा हातात घेतला की पलंगाखाली जाते.

घरी आल्याबरोबर मी त्या वेण्या सोडल्या आणि पुन्हा घातल्या. आरू ओरडली. म्हणाली, "मॅडमच्या वेणीनं दुखत न्हाई!"

संदीप पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, वेण्या तर झाल्याच होत्या की."

त्या माणसाला काय कळणार!

*

मंग मी प्रचाराला लागले. "आरू, एवढा मोठा टीव्ही जवळून बघितला की डोळे चौकोनी होतात." एम.ए. झालेली बाई मी, हे वाक्य मीच बोलले.

आरूनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दप्तरातली पट्टी घेऊन वर गेली.

संध्याकाळी दारात मी उभी, आणि मॅडम मला हसू दाबत सांगताहेत, "तुझ्या लेकीनं आज माझे डोळे मोजले. म्हणली, मॅडम, काळजी नका करू, अजून गोलच हायेत. आई म्हणती चौकोनी होणार."

मला जिन्यात गुडूप व्हावंसं वाटलं. मॅडम मात्र बिलकुल रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बावीस वर्षं वह्या तपासून झाले न्हाईत गं, टीव्हीनं काय होतात!"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगल्या माणसावर जळायला फार कष्ट पडतात.

*

शेवटी ठरवलं, आपणही घेऊ. स्वस्तातला. ज्या कंपनीचं नाव वाचताना जीभ अडखळते तसला. मोबाईलवर लोकांनी लिहिलेलं दोन दिवस वाचलं. एकानं लिहिलं होतं, "पिक्चर झकास, आवाज पत्र्याच्या डब्यातून." दुसऱ्यानं एकच स्टार दिला होता, "टीव्ही चांगला आहे, बायकोला आवडला नाही." तिसऱ्यानं पाचपैकी पाच, "उत्तम! अजून खोकं उघडलं नाही."

त्या तिसऱ्या माणसाचा मला फार हेवा वाटला.

खाली भाभींच्या दुकानात तसलाच बत्तीस इंची भिंतीला लावलेला होता. भाभींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पणजोबांपासून इथंच. मराठी माझ्याइतकीच पक्की, मधेमधे हिंदीची फोडणी. टीव्हीवर लालभडक फुलं उमलत होती. मी म्हणलं, "किती छान दिसतो!"

"दीदी, दुकानात सगळेच टीव्ही गोरे दिसतात," भाभी म्हणाल्या. "सगळ्यांवर फुलंच लावलेली असतात. बातम्या लावून बघा, मंग असली रंग कळतो."

स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारी दुकानदारीण मी पहिल्यांदाच बघितली. त्यांनी बातम्या लावल्या. चर्चेला बसलेल्या सहाही माणसांना कावीळ!

सेटिंगमधे जाऊन भाभींनी कावीळ बरीचशी उतरवली. तरी माझं समाधान होईना. मी टीव्हीच्या समोरून हलले आणि कडेला पंख्यांच्या खोक्यांपाशी जाऊन उभी राहिले.

"भाभी, इथून काळपट दिसतो."

"तिथून कोण बघणार? समोर बसा ना बराबर." त्यांनी स्टूल पुढं केलं.

"समोर बसून कोण बघणार? आमच्या घरात ओट्यावरून असाच दिसणार, तिरका."

भाभी माझ्याकडं बघतच राहिल्या. "दीदी, तुम्ही टीव्ही घेताय का ओटा?"

चार दिवस मी रोज जाऊन पंख्यांपाशी उभी राहून तो टीव्ही बघितला. चौथ्या दिवशी भाभींनी माझ्या हातात फडकं दिलं. "उभ्याच आहात तर जरा मिक्सरवरची धूळ काढता का?"

*

इतकं करून मी काय करावं? तोच टीव्ही मोबाईलवर स्वस्त दिसला आणि मी तिथून मागवला! ज्यांच्या दुकानात चार दिवस टीव्ही बघितला, ज्यांच्या घरात भाड्यानं राहतो, त्यांच्या नाकावर टिच्चून.

संदीपला बजावलं, "अहो, भाभींना कळता कामा नये."

"तो काय खिशातून वर आणणार आहेस का?"

"दुपारी त्यांचं दुकान बंद असतं, तेव्हाच बोलावते त्याला."

डिलिव्हरीवाला आला सकाळी अकराला. माझा मोबाईल चार्जिंगला, आवाज बंद. त्या बिचाऱ्यानं काय करावं? पत्त्यावर टीव्हीचं दुकान दिसलं, टीव्ही तिथंच उतरवला!

थोड्या वेळानं भाभी जिना चढून वर आल्या. दम खात दारात उभ्या राहिल्या. चेहरा एकदम साधा.

"दीदी, तुमचा टीव्ही आलाय. माझ्या टीव्हींच्या लाईनीत ठेवलाय. दोन्ही खोकी सेम टू सेम, ओळखू येत न्हाईत."

मी म्हणलं, "भाभी, ते असं झालं की… संदीपनी… म्हणजे मी…"

"होतं असं," भाभी म्हणाल्या. "पण भिंतीचं स्टँड त्यात येत न्हाई. ते तर माझ्याकडूनच घ्याल ना?"

मी किंमत न विचारता दोन घेतली. टीव्ही एकच आहे.

*

सासूबाई धावड्याला असतात. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "नवी वस्तू हाय. कुंकवाचं स्वस्तिक काढ, मंग चालू कर."

"आई, काचेवर?"

"मंग काय पाठीवर काढती?"

काढलं. चांगलं ओल्या कुंकवाचं, ठसठशीत. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर स्वस्तिक गेलं आणि जागेवर फिकट गुलाबी ढग राहिला. तो आजतागायत आहे. बातम्या देणारी बाई मधोमध बसली तर तो बरोबर तिच्या कपाळावर येतो. जरा सरकली की दंडावर.

संदीप म्हणाला, "राहू दे. भाभींना आता आपला ओळखू येईल."

आणि इंटरनेट? इंटरनेट म्हणजे संदीपचा मोबाईल! तो बियाण्याच्या कंपनीत आहे, दिवसभर त्याला फोन. फोन आला की बोलत बोलत खाली उतरायची त्याची सवय. सातव्या पायरीपर्यंत कार्टून चालतं. आठव्या पायरीवर पाय पडला की स्क्रीनवर गोल फिरायला लागतं आणि आरू वरून ओरडते, "बाबा, एक पायरी वर या!"

सगळ्या तालुक्याच्या बियाण्याचं बोलणं आता सातव्या पायरीवरून चालतं.

*

दोन दिवस आरू वर गेली नाही. डाग असलेला, किंचित कावीळ असलेला, सातव्या पायरीवर चालणारा बत्तीस इंची टीव्ही, पण पोरगी माझ्या घरात! मी ओट्यावर भाकरी थापत होते आणि मान तिरकी करून बघत होते. दिसत होता बरं का. काळपट, पण दिसत होता. भाकरी एकदा करपली. मला त्याचंही काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला वळून बघते तर टीव्ही चालू आणि समोर कुणी नाही. कोपऱ्यातली चटई गेलेली.

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच.

मी आरूला काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं तर?

रविवारी संध्याकाळी दार वाजलं. मॅडम. एका हाताला आरू, दुसऱ्या काखेत तिची चटई.

"टीव्ही बघायला आले तुमचा. आता माझी पाळी," त्या म्हणाल्या.

मी गडबडले. चहा टाकला, चिवडा काढला, पलंगावरची चादर सारखी केली, गुलाबी डागापुढं उगीचच दोनदा उभी राहिले. मॅडमनी चटई जमिनीवर अंथरली, स्वतः बसल्या आणि शेजारची जागा थोपटली. "ये गं, बस. चहा निवतोय."

पाहुण्या त्या, आणि जागा मला देत होत्या. मी बसले. आरू येऊन माझ्या मांडीत शिरली, डोकं माझ्या हनुवटीखाली. बाहेर संदीप सातव्या पायरीवर कुणाला तरी सोयाबीनची व्हरायटी समजावून सांगत होता, त्यामुळं कार्टून एकदम व्यवस्थित. समोरून बघितला तर टीव्ही खरंच चांगला आहे. मला माहीतच नव्हतं.

एक कार्टून संपून दुसरं लागलं. मंग मॅडम चटईचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ज्योती, तू रागावली तर न्हाईस ना? ही रोज येती म्हणून. मी पाठवते गं हिला खाली, पण…"

"नाही हो मॅडम," मी म्हणाले. आवाज माझा मलाच पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला.

मॅडमनी आरूच्या पाठीवर हात ठेवला आणि जे मला आठवडाभर विचारता आलं नव्हतं ते सरळ विचारून टाकलं.

"आरू, घरी एवढा छान टीव्ही आलाय. मंग तू वर कशाला येतीस गं रोज?"

मी हातातला चहा खाली ठेवला. आरूनं टीव्हीवरची नजर काढली नाही. माझे दोन्ही हात ओढून स्वतःच्या पोटावर घेतले, आणि म्हणाली,

"मंग तुम्हीच येत जा ना खाली. तुम्ही आल्या की आई बसती."